पर्स्वेजन (कादंबरी)

पर्स्वेजन ही जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) या इंग्रज लेखिकेची अखेरची पूर्ण कादंबरी होय. लेखिकेच्या निधनानंतर, डिसेंबर १८१७ मध्ये, लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी ती नॉर्दँगर ॲबी या कादंबरीबरोबर चार खंडांच्या एकत्रित संचात प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर मात्र १८१८ हे वर्ष छापलेले आहे. मोडलेला वाङ्‌निश्चय आणि आठ वर्षांनंतर त्याच दोघांची पुन्हा पडलेली गाठ हा तिचा विषय. नायक फ्रेडरिक वेंटवर्थ हा ब्रिटिश नौदलातील अधिकारी असून नेपोलियनशी चाललेल्या युद्धात समुद्रावर त्याने नाव आणि संपत्ती मिळवलेली आहे. नायिका ॲन एलियट ही एका कर्जबाजारी बॅरोनेटची मधली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यावरून तिने या तरुणाला नकार दिला, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो तिच्यासमोर परका होऊन उभा राहतो.

ऑस्टिनच्या इतर नायिका पहिल्यांदाच प्रेमात पडतात. ॲनच्या बाबतीत प्रेमाची कथा कादंबरी सुरू होण्यापूर्वीच संपलेली आहे. त्यामुळे विनोद आणि उपरोध कायम असले तरी या पुस्तकाचा सूर तिच्या आधीच्या कादंबऱ्यांपेक्षा गंभीर आहे.

लेखन व शीर्षक

ऑस्टिनने ही कादंबरी ८ ऑगस्ट १८१५ रोजी लिहावयास घेतली आणि १८ जुलै १८१६ रोजी तिचा पहिला खर्डा पूर्ण केला. शेवट मनासारखा न उतरल्याने तिने अखेरचा भाग पुन्हा लिहिला व ६ ऑगस्ट १८१६ रोजी काम संपवले. या काळात तिची प्रकृती ढासळू लागली होती. मार्च १८१७ मध्ये आपली पुतणी फॅनी नाइट हिला लिहिलेल्या पत्रांत प्रकाशनास सिद्ध असलेल्या एका लहान कादंबरीचा उल्लेख येतो. ही नायिका आपल्या मानाने जरा जास्तच गुणी झाल्याची थट्टाही लेखिकेने त्यात केली आहे. १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर येथे तिचे निधन झाले.

पुस्तक छापून घेण्याची व्यवस्था तिचा भाऊ हेन्री याने केली. त्याने जोडलेल्या चरित्रपर टिपणात लेखिकेचे नाव प्रथमच छापील स्वरूपात जाहीर झाले. तिच्या हयातीत तिची सर्व पुस्तके निनावी निघाली होती. कुटुंबात या कादंबरीचा उल्लेख ‘द एलियट्स’ असा होत असे. प्रचलित शीर्षक बहुधा हेन्रीने ठेवले असावे.

शीर्षकातील इंग्रजी शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. समजूत घालणे, मन वळवणे, भरीस घालणे, एखादी गोष्ट गळी उतरवणे या सर्व छटा त्यात येतात. शिवाय माणसाची स्वतःची ठाम धारणा हाही त्याचा एक अर्थ आहे. ॲनची समजूत घातली गेली की तिला भरीस घातले गेले, हा कादंबरीतील मूळ वाद असल्याने शब्दाची ही संदिग्धता निरर्थक नाही.

पूर्वकथा

१८०६ सालच्या उन्हाळ्यात तरुण वेंटवर्थ सॉमरसेट परगण्यात आपल्या पाद्री भावाकडे राहावयास येतो. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला वेस्ट इंडीजमध्ये सँटो डोमिंगोजवळ ब्रिटिश ताफ्याने फ्रेंच ताफ्याचा पराभव केलेला असतो. त्या लढाईतील कामगिरीबद्दल त्याला कमांडर हा हुद्दा मिळाला आहे. परंतु जहाज मिळालेले नाही. हुद्दा आहे पण नेमणूक नाही, म्हणजे हाती अर्धा पगार आणि रिकामा वेळ, अशी ही अवस्था. जवळच्या केलिंच हॉल या वाड्यातील ॲनशी त्याची ओळख होते आणि दोघांचा वाङ्‌निश्चय होतो.

ॲनचे वडील सर वॉल्टर उघड मनाई करीत नाहीत. ते फक्त तुटकपणे वागतात आणि मुलीसाठी काहीही करणार नसल्याचे जाणवून देतात. खरा विरोध होतो तो लेडी रसेल यांच्याकडून. त्या ॲनच्या मृत आईच्या मैत्रीण असून ॲनला आईच्या ठिकाणी आहेत. पैसा नाही, वशिला नाही, बेभरवशाचा पेशा, आणि स्वतःच्या नशिबावर नको तितका विश्वास असलेला तरुण, असे त्यांचे आक्षेप. ॲन वाङ्‌निश्चय मोडते. या नकारात वेंटवर्थचेही हित आहे, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतलेली असते. तिचा उंबरठा ओलांडण्यास तेवढाच आधार तिला पुरतो. वेंटवर्थ मात्र दुखावून, रागावून देश सोडतो.

इंग्लंडमधील १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने लग्न करावयाचे तर पालकांची संमती आवश्यक असे. एकोणीस वर्षांच्या ॲनच्या निर्णयाकडे पाहताना ही बाब विसरता येत नाही.

कथानक

कादंबरीचा आरंभ १८१४ च्या उन्हाळ्यात होतो. नेपोलियनने एप्रिलमध्ये सिंहासन सोडले आहे, युद्ध थांबले आहे आणि नौदलाचे अधिकारी घरी परतू लागले आहेत. सर वॉल्टर यांना बॅरोनेटांच्या वंशावळीच्या ग्रंथात स्वतःचे पान वाचण्यापलीकडे दुसरे वाचन नाही. उधळपट्टीने कर्ज झाल्यामुळे वाडा भाड्याने देऊन बाथ या शहरात राहण्याची वेळ त्यांच्यावर येते. भाडेकरू म्हणून येतात ॲडमिरल क्रॉफ्ट आणि त्यांच्या पत्नी सोफिया. सोफिया ही वेंटवर्थची बहीण.

नौदलाविषयी सर वॉल्टर यांचे दोन आक्षेप आहेत. या पेशामुळे सामान्य घरची माणसे भलत्याच मानाला चढतात हा एक, आणि समुद्रावरच्या वाऱ्याउन्हाने पुरुषाचे रूप अकाली रापते हा दुसरा. कादंबरीतील सर्वांत हास्यास्पद पात्राच्या तोंडी घातलेले हे आक्षेप वस्तुतः त्या काळच्या सामाजिक बदलाचे अचूक वर्णन आहेत.

ॲन काही दिवस धाकटी बहीण मेरी हिच्याकडे अपरक्रॉस गावी राहते. मेरीचा नवरा चार्ल्स मसग्रोव्ह याने पूर्वी ॲनलाच मागणी घातली होती व तिने ती नाकारली होती. वेंटवर्थ आता कॅप्टन झाला असून त्याची संपत्ती २५,००० पौंडांची आहे. बहिणीकडे आलेला असताना तो मसग्रोव्ह कुटुंबात मिसळू लागतो. ॲन इतकी बदलली आहे की ओळखूही आली नसती, हा त्याचा शेरा मेरी कसलाही विचार न करता ॲनच्या कानी घालते. मसग्रोव्हांच्या हेन्रिएटा व लुइझा या दोन मुली त्याच्याभोवती असतात आणि त्यांपैकी एकीशी तो लग्न करणार असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

पुढील प्रकरणांत घडते फार थोडे. ॲनच्या पाठीवर चढून बसलेल्या लहान भाच्याला वेंटवर्थ मागून येऊन मुकाट्याने उचलून घेतो. लांबच्या पायपिटीने ती थकल्याचे ओळखून तो तिला क्रॉफ्ट दांपत्याच्या गाडीत बसवतो. दोन्ही वेळी तो तिच्याशी बोलत नाही. वाचकाला मात्र राग आणि काळजी एकाच माणसात नांदताना दिसतात. त्याच पायपिटीत कुंपणाच्या झुडपावरचे कठीण कवचाचे एक फळ तोडून तो लुइझाला स्वभावातील कणखरपणाचे महत्त्व सांगतो. झुडपापलीकडे बसलेल्या ॲनला ते ऐकू येते आणि रोख कोणावर आहे हेही कळते.

नोव्हेंबरमध्ये ही मंडळी लाइम या किनाऱ्यावरील गावी जातात. तेथे वेंटवर्थचे मित्र राहत असतात: जखमेमुळे अधू झालेले कॅप्टन हार्व्हिल, आणि हार्व्हिल यांच्या बहिणीशी, फॅनीशी, ज्यांचे लग्न ठरले होते ते कॅप्टन बेन्विक. लाइमच्या कॉब नावाच्या दगडी धक्क्यावर लुइझा पायऱ्यांवरून उडी मारण्याचा हट्ट धरते. वेंटवर्थ नको म्हणत असताना ती दुसऱ्यांदा उडी घेते, त्याचे हात पोहोचण्याआधीच खाली फरशीवर आदळते आणि बेशुद्ध पडते. युद्धातून आलेले कॅप्टन त्या क्षणी गोंधळतात. शल्यवैद्याला कोणी आणावे, जखमी मुलीला कोठे न्यावे हे सुचवते ती ॲन. कणखरपणा आणि हट्ट यांतील भेद वेंटवर्थला येथे कळू लागतो. पण आता उशीर झालेला असतो. आपण लुइझात गुंतलो आहोत असे सर्व जण समजतात, हे ध्यानी आल्यावर तिने शब्द मागितला तर तो पाळणे भाग आहे असे मानून तो भावाकडे निघून जातो. अनपेक्षितपणे लुइझाचेच बेन्विकशी लग्न ठरते आणि तो मोकळा होतो.

उत्तरार्ध बाथमध्ये घडतो. सर वॉल्टर यांचा वारस विल्यम एलियट ॲनमध्ये रस घेऊ लागतो आणि वेंटवर्थला मत्सर वाटतो. जुनी शाळासोबतीण मिसेस स्मिथ ॲनला विल्यमचे खरे रूप सांगते. हे विल्यम एलियट प्रकरण कादंबरीचा दुबळा भाग आहे. त्याचा कावेबाजपणा कृतीतून दिसत नाही. तो एका लांबलचक निवेदनातून कळतो.

अखेरीस व्हाइट हार्ट या खानावळीत ॲन आणि हार्व्हिल यांच्यात संभाषण होते: स्त्रीचे प्रेम अधिक टिकते की पुरुषाचे? सगळे ग्रंथ स्त्रियांच्या चंचलपणाविषयी बोलतात, असे हार्व्हिल म्हणतात. ते ग्रंथ पुरुषांनीच लिहिलेले असल्याने त्यांची साक्ष आपण मानणार नाही, असे ॲन उत्तरते. जवळच्याच मेजावर वेंटवर्थ पत्र लिहीत बसलेला असतो. बेन्विकने पूर्वी फॅनीसाठी काढून घेतलेले चित्र आता लुइझासाठी चौकटीत बसवून घ्यावयाचे आहे आणि ते काम त्याच्याकडे आलेले आहे. ॲनचे बोलणे कानी पडताच तो त्याच कागदांत ॲनला उद्देशून दुसरे पत्र लिहितो आणि तिच्यापुढे ठेवून निघून जातो. बाथच्या रस्त्यावर दोघांची गाठ पडते आणि गैरसमज मिटतात.

नौदल आणि संपत्ती

वेंटवर्थचा आठ वर्षांतील उत्कर्ष हा कल्पनाविलास नाही. शत्रूचे जहाज पकडून बंदरात आणले की ते विकून आलेली रक्कम पकडणाऱ्या जहाजावरील लोकांत वाटली जाई. तिला प्राइझ मनी म्हणत. १८०८ पर्यंतच्या नियमाप्रमाणे एकूण आठ भागांपैकी तीन कॅप्टनच्या नावे असत आणि त्यांतील एक त्याच्या वरिष्ठ ॲडमिरलला द्यावा लागे. उरलेल्या पाच भागांत इतर अधिकारी व खलाशी आपापल्या दर्जाप्रमाणे वाटेकरी असत. मोठ्या ताफ्यात राहण्यापेक्षा एकट्या फिरणाऱ्या वेगवान जहाजाचे कप्तानपद म्हणूनच तरुण अधिकाऱ्यांना हवेसे वाटे.

वेंटवर्थला पहिले जहाज मिळते ते ‘ॲस्प’, जुने आणि मोडकळीस आलेले. या जहाजावर तो खाजगी लुटारू जहाजे पकडतो आणि परतीच्या वाटेवर एक फ्रेंच फ्रिगेटही हस्तगत करून प्लिमथला आणतो. बंदरात शिरल्यावर सहा तासांच्या आत चार दिवसांचे वादळ सुटते. आणखी एक दिवस समुद्रावर काढावा लागला असता तर जुने ‘ॲस्प’ तळाशी गेले असते आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळींची बातमी आली असती, असे तो मसग्रोव्हांच्या दिवाणखान्यात हसत सांगतो. मुली अभावितपणे उद्गार काढतात. ॲनचा थरकाप कोणाला दिसत नाही. या एका प्रसंगात समुद्राचे भय आणि ॲनचे एकाकीपण दोन्ही येऊन जातात.

पुढे ‘लॅकोनिया’ या जहाजावर त्याने बहुतेक संपत्ती मिळवली. त्याची मिळकत २५,००० पौंड, तर ॲनच्या वाट्याचे १०,००० पौंड वडिलांना पूर्ण देताही येत नाहीत. जमिनीवर बसून घराणे बुडवणारा सरदार आणि पाण्यावर कमावून येणारा अधिकारी, हा विरोध लेखिकेने आकड्यांनिशी मांडला आहे.

शांततेची दुसरी बाजूही होती. युद्धाच्या भरात ब्रिटिश नौदलात सुमारे १,४५,००० माणसे होती. १८१७ पर्यंत ही संख्या सुमारे १९,००० वर आली. किनाऱ्यावर बेकार फिरणारे अधिकारी ही कादंबरीच्या पहिल्या वाचकांच्या ओळखीची गोष्ट होती. कथा संपते ती १८१५ च्या आरंभी, नेपोलियन एल्बा बेटावरून निसटतो त्याच सुमारास. पुन्हा युद्ध सुरू होणार हे पात्रांना ठाऊक नाही, वाचकाला आहे. शेवटच्या वाक्यांत ॲनच्या सुखाबरोबर खलाशाच्या पत्नीला वाटणाऱ्या धास्तीचा उल्लेख येतो, त्याला हा संदर्भ आहे.

लेखिकेचे दोन भाऊ नौदलात होते. फ्रान्सिस ऑस्टिन (१७७४–१८६५) ‘कॅनोपस’ या जहाजावर सँटो डोमिंगोच्या लढाईत प्रत्यक्ष होता; त्याआधी पाणी व शिधा भरण्यासाठी त्याच्या जहाजाला जिब्राल्टरकडे धाडण्यात आल्याने ट्रफाल्गारची लढाई मात्र त्याला मुकली. हार्व्हिलच्या घरगुती स्वभावात आपले काही गुण उतरल्याचे त्याने उतारवयात सांगितले होते. धाकटा चार्ल्स (१७७९–१८५२) याने १८०१ मध्ये प्राइझ मनीतून दोन्ही बहिणींसाठी पुष्कराजाचे क्रूस आणले. पुढे तो ईस्ट इंडीज विभागाचा सेनापती झाला आणि दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात इरावती नदीवर असताना पटकीने मरण पावला.

ॲडमिरल क्रॉफ्ट आणि त्यांच्या पत्नी यांच्या ईस्ट इंडीजमधील वास्तव्याचा उल्लेख कादंबरीत येतो. मुंबई हे या विभागातील महत्त्वाचे बंदर होते. तेथील गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधीत. ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही १८१० मध्ये तेथेच पाण्यात उतरली. वेंटवर्थच्या काळातील फ्रिगेट कशी असे हे पाहावयाचे असल्यास मुंबईतच बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. ती पाण्यात उतरली ऑक्टोबर १८१७ मध्ये, म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी.

एवढे असूनही कादंबरीतील एकही प्रसंग जहाजावर घडत नाही. समुद्र दिसतो तो फक्त लाइमच्या किनाऱ्यावरून. लेखिकेने स्वतः पाहिलेला तेवढाच भाग लिहिला. लढाया आणि वादळे दिवाणखान्यातील बोलण्यातून कळतात.

सल्ल्याचा प्रश्न

ॲनने नकार दिला तो योग्य की अयोग्य, याचे सरळ उत्तर कादंबरी देत नाही. वरवर पाहता वेंटवर्थचे यश हेच लेडी रसेल यांच्या सल्ल्याला उत्तर आहे. परंतु लेखिकेने त्याच्याशेजारी दुसरी एक जोडी ठेवली आहे, ती बेन्विक आणि फॅनी हार्व्हिल यांची. त्यांनी वाङ्‌निश्चय मोडला नाही. पैसा आणि बढती यांची वाट पाहत ते थांबले. दोन्ही गोष्टी मिळाल्या, पण बेन्विक समुद्रावर असतानाच फॅनी वारली. ही बातमी त्याला सांगण्यासाठी वेंटवर्थ रजेची वाटही न पाहता रात्रंदिवस प्रवास करून त्याच्या जहाजावर गेला आणि आठवडाभर त्याच्यापाशी राहिला. वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला हेही येऊ शकते, म्हणजे लेडी रसेल यांची भीती निराधार नव्हती.

याच्या उलट टोकाला क्रॉफ्ट दांपत्य आहे. सोफिया यांनी पतीबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडला, एकदा ईस्ट इंडीज गाठले. जहाजावर त्यांना कधी काही झाले नाही. प्रकृती बिघडली ती पती उत्तर समुद्रात असताना डील गावी एकटीने काढलेल्या एकमेव हिवाळ्यात. स्त्रियांना जहाजावर नेण्यास वेंटवर्थचा विरोध आहे, आणि त्याची ही बहीण त्याला सर्वांदेखत खडसावते. गंमत अशी की, निश्चित साधन नसताना केलेला लांबणीचा वाङ्‌निश्चय शहाणपणाचा नव्हे, असे मत खानावळीत याच सोफिया व्यक्त करतात. ते ऐकताच ॲन आणि वेंटवर्थ यांची नजरानजर होते.

समेट झाल्यावर ॲन आपला निर्णय सांगते तो असा: सल्ला चुकीचा होता, आपण कोणा तरुण मुलीला तो कधी देणार नाही, तरीही आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचे ऐकण्यात आपली चूक नव्हती, उलट न ऐकते तर मनाला अधिक टोचणी लागली असती. अनेक वाचकांना हे उत्तर अडचणीचे वाटते. नायिकेने शेवटी तरी बंड करावे अशी अपेक्षा असते. पण कर्तव्य आणि परिणाम यांची गल्लत न करणारी ही भूमिका ॲनच्या स्वभावाला धरून आहे.

दोषाचा उरलेला वाटा वेंटवर्थ स्वतः उचलतो. १८०८ मध्ये काही हजार पौंड आणि ‘लॅकोनिया’चे कप्तानपद हाती आले असताना आपण पत्र लिहिले असते तर, असे तो विचारतो, आणि ॲनच्या उद्गारातून उत्तर मिळते. म्हणजे आठांपैकी सहा वर्षे वाया गेली ती लेडी रसेल यांच्यामुळे नव्हे, तर त्याच्या अभिमानामुळे. आपला शत्रू लेडी रसेल यांच्याहूनही जवळचा होता, हे त्याला कबूल करावे लागते.

वगळलेला शेवट

पहिल्या खर्ड्यात समेट वेगळ्या रीतीने होत होता. ॲन विल्यम एलियटशी लग्न करून केलिंच हॉलमध्ये राहू इच्छिते काय, हे विचारण्याचे काम ॲडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थवरच सोपवतात. ती नाही म्हणते आणि गाठ सुटते. या मांडणीत ॲनला केवळ उत्तर द्यावयाचे होते. नव्या मांडणीत हार्व्हिलशी झालेला संवाद व पत्र आले आणि ॲन स्वतःचे मन, अप्रत्यक्षपणे का होईना, स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवू लागली. रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत असून ऑस्टिनच्या पूर्ण कादंबऱ्यांपैकी तेवढेच मूळ हस्तलिखित आज शिल्लक आहे. कच्च्या मजकुराचे पक्क्यात रूपांतर कसे झाले हे अभ्यासण्यासाठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचा मोठा उपयोग होतो.

प्रतिसाद व रूपांतरे

मार्च १८१८ मध्ये ब्रिटिश क्रिटिक या नियतकालिकाने कादंबरी तरुणांना स्वतःच्या मर्जीने लग्न करावयास शिकवते, असा ठपका ठेवला. ॲनचे अखेरचे मत परीक्षकाच्या नजरेतून निसटलेले दिसते. १८२१ मध्ये क्वार्टर्ली रिव्ह्यूमधील रिचर्ड व्हेटली यांच्या लेखाने तिला मानाचे स्थान दिले. विसाव्या शतकात व्हर्जिनिया वुल्फ यांनी, लेखिका येथे नव्या वाटेने निघाली होती आणि आणखी जगती तर तिचे लेखन बदलले असते, असे प्रतिपादन केले. रड्यर्ड किपलिंग यांची ‘द जेनाइट्स’ ही कथा पहिल्या महायुद्धातील ऑस्टिनप्रेमी सैनिकांविषयी आहे.

कवी टेनिसन १८६७ मध्ये लाइमला गेले असता त्यांना ड्यूक ऑफ मन्मथ किनाऱ्यावर उतरला ती ऐतिहासिक जागा दाखवण्याची तयारी झाली. त्यांनी मात्र लुइझा पडली ती जागा दाखवण्यास सांगितले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. कॉबवर आजही वाचक त्या पायऱ्या शोधतात. नेमक्या कोणत्या, यावर एकमत नाही.

दूरचित्रवाणीसाठी व चित्रपटासाठी कादंबरीची अनेक रूपांतरे झाली. १९७१ च्या ब्रिटिश मालिकेत ॲन फरबँक आणि ब्रायन मार्शल यांनी प्रमुख भूमिका केल्या. १९९५ मध्ये बीबीसीसाठी रॉजर मिशेल यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात अमांडा रूट व कीरन हाइंड्स होते; चेहऱ्यावर रंगरंगोटी टाळून, मेणबत्तीच्या उजेडात केलेल्या या चित्रीकरणात ॲनचे कोमेजलेपण सर्वांत प्रामाणिकपणे उतरले आहे. २००७ मध्ये सॅली हॉकिन्स आणि रूपर्ट पेन्री-जोन्स यांचे, तर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर डकोटा जॉन्सन व कॉस्मो जार्व्हिस यांचे रूपांतर आले. या शेवटच्या रूपांतरात ॲन थेट प्रेक्षकांकडे वळून चुरचुरीत शेरे मारते. आठ वर्षे मनातले कोणाजवळही न बोललेल्या नायिकेला हे शोभत नाही, अशी टीका त्यावर झाली.